कोकणातलं जुनं चिरेबंदी घर: घेण्याआधी काय पाहावं, काम कुठून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको ठाण्यात भाड्यानं राहतात, मुलगी चार वर्षांची. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत साधारण सत्तर वर्षांचं घर विकायला आहे. बाहेरून हजार चौरस फूट, जांभ्याच्या दीड फुटी भिंती, मातीची जोडणी, वर मंगलोरी कौलं, मागं विहीर. गावातला ठेकेदार म्हणतो, कौलं उतरवा आणि स्लॅब टाका. घर दुरुस्त करावं की पाडावं, आणि कामाचा क्रम काय लावावा?

भिंती सरळ असतील तर पाडू नका, आणि कोणत्याही परिस्थितीत त्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. मंगलोरी कौलांचं वजन, वासे-रिपा धरून, चौरस मीटरला ६५-७० किलो होतं; पावसात भिजल्यावर ८०. पाच इंची स्लॅबचं नुसतं काँक्रीटच ३०० किलोच्या वर जातं, वर वॉटरप्रूफिंगचा थर आला की ४००. म्हणजे मातीत जोडलेल्या भिंतीवर आपण पाचपट भार ठेवतो. पहिली दोन-तीन वर्षं काही दिसत नाही. मग दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, कारण जोडणीतली माती ओलीनं मऊ होऊन दाबली जाते आणि भिंत जागोजागी वेगवेगळी खचते. भिंती कापून आत आरसीसीचे खांब उभे करू, असाही सल्ला मिळेल. त्याचा खर्च नव्या घराइतका होतो आणि हातात जुनं घरही राहत नाही.

आता कागदांचं. कोकणात घर पसंत पडायला एक दुपार लागते आणि मालक कोण हे कळायला सहा महिने. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा दाखवून ‘घर माझ्या नावावर आहे’ असं सांगितलं जाईल. तो उतारा घरपट्टी आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नाही. घर गावठाणात आहे की शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात, हे आधी काढा. शेतजमिनीत असेल तर सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि जुने सगळे फेरफार मागवा. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या दोघांपैकी कोणाच्याही नावावर सातबारा नसेल, तर हा मुद्दा इसार देण्याआधी सुटला पाहिजे. ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. कूळ, कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही), सोसायटीचा बोजा, विहिरीतला भावकीचा हिस्सा हे सगळं तिथं सापडतं.

सामाईक मालकी ही त्याहून मोठी अडचण. उताऱ्यावर अकरा नावं, त्यातले चार मयत, तिघे मुंबईत, एक परदेशात, अशी स्थिती अगदी नेहमीची. गावात राहणारा एक भाऊ स्वतःचा हिस्सा विकायला तयार असतो आणि बाकीचे ‘नंतर सह्या देतील’ असं सांगतो. तसा हिस्सा घेऊ नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्यानं घेतला, तरी त्याला घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. आधी वारस नोंदी, मग सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रं, मग खरेदीखत. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गडगा आहे तिथंच हद्द आहे असं कधी धरू नये. येण्याजाण्याची पाखाडी कोणाच्या जमिनीतून येते आणि दगडमातीचा टेंपो घरापर्यंत पोचतो का, हेही त्याच वेळी पाहा. टेंपो अर्धा किलोमीटर अलीकडं थांबत असेल, तर प्रत्येक चिऱ्यावर आणि सिमेंटच्या पोत्यावर डोक्यावरून वाहण्याची मजुरी चढते.

घर पाहायला जायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस लागलेला असताना. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात चुना मारून ठेवलेलं घर कुठं गळतं हे कोणालाच सांगता येत नाही. सोबत विजेरी, ओळंबा, लांब स्क्रूड्रायव्हर, खडू आणि शिडी घ्या. आधी बाहेरून एक फेरी मारा. पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात? अंगण जोत्याच्या वर आलंय का? मागच्या बाजूला डोंगर कापून घर बसवलेलं असेल, तर वरची माती सरकत येऊन मागच्या भिंतीला चिकटली आहे का? ओल शोधताना पहिली नजर इथं टाका, कारण अशा घरांत मागच्या भिंतीची ओल बहुधा याच मातीतून येते.

मग शिडी लावून वाश्यांची टोकं पाहा. वासा आढ्यापाशी सहसा कुजत नाही. तो कुजतो भिंतीवर टेकतो तिथं, वळचणीला, आणि दोन पाखी (छपराचे उतार) मिळतात त्या पन्हळीखाली. स्क्रूड्रायव्हर टोकापासून सहा इंच आत लाकडात दाबा. सागवान किंवा किंजळ धड असेल तर टोक जेमतेम रुततं आणि हाताला कडक लागतं. पाव इंचापेक्षा जास्त आत गेलं, किंवा ठोकल्यावर भरीव ‘टक्’ ऐवजी पोकळ आवाज आला, तर त्या वाश्यावर खडूनं फुली मारा. वरून रंग आणि तेलपाणी केलेला वासा दिसायला धड दिसतो आणि आत नुसतं टरफल उरलेलं असतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. वाळवीची मातीची नळी दिसली तर दोन इंच तोडून ठेवा. तीन-चार दिवसांत ती परत जोडली गेली तर वाळवी जिवंत आहे. पिठासारखी भुकटी पडत असेल तर ती भुंग्याची कीड. खाली कागद पसरून ठेवला की चालू आहे की जुनी, हे आठवड्यात कळतं.

भिंतींना ओळंबा लावा. दहा फुटांच्या भिंतीत एक इंचापर्यंत कललेपणा जुन्या घरात चालतो. दोन इंचांच्या वर असेल, किंवा भिंतीचं पोट मध्येच फुगलेलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. वरचं टोक बाहेर ढकललेलं दिसलं की आढं वाकलंय का ते पाहा. आढं खचलं की वासे खाली घसरतात आणि त्यांचे पाय भिंत बाहेर रेटतात. कोणीतरी माळ्यावर डोकं लागतं म्हणून तुळई (समोरासमोरच्या भिंती जोडणारं आडवं लाकूड) कापली असेल तरीही हेच होतं. भेग चालू आहे की थांबलेली, हे पाहायला तिच्यावर आडवा पीओपीचा ठिपका लावा आणि तारीख लिहा. पावसाळा संपेपर्यंत ठिपका तडकला नाही तर ती भेग बुजवून विषय संपतो.

एवढं पाहून फुल्यांचा हिशेब करा. एक तृतीयांशापेक्षा कमी वासे गेलेले असतील तर लाकडाची दुरुस्तीच करा. त्याहून जास्त असतील तर लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर तीच कौलं, हा पर्याय खर्चात बसतो. मात्र खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ लोखंड खारं वारं खातं. तिथं प्रायमरचे दोन हात, वर इपॉक्सी, आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर वेगळा हात लागतो.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये कौलं उतरवू नका, परतीचा पाऊस घात करतो. नोव्हेंबर ते जानेवारी छप्पर, मग भिंती, मग जमीन, वीज आणि संडास. मार्चपासून आंब्याचा हंगाम आणि शिमगा आला की मजूर मिळत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये अवकाळीचा भरवसा नाही. म्हणून छपराचं सगळं काम शिमग्याआधी संपलं पाहिजे. हा क्रम उलटा करण्याचा मोह तरुण कुटुंबांना हमखास होतो: आधी स्वयंपाकघर आणि बाथरूम चकाचक, छप्पर पुढच्या वर्षी. मग पुढच्या वर्षी वरून पडणारी माती, कौलांचे तुकडे आणि चुन्याचं पाणी त्याच नव्या फरशीवर येतं.

छपरावर जरा सविस्तर लिहितो, कारण घर टिकतं ते त्याच्यावर. आधी कौलांची संख्या काढा. घर बाहेरून ४० बाय २५ फूट धरलं आणि चारी बाजूंना अडीच फूट वळचण, तर क्षेत्र ४५ गुणिले ३०, म्हणजे १,३५० चौरस फूट. ३० अंशांच्या उतारासाठी त्याला १.१५५ नं गुणा: सुमारे १,५६० चौरस फूट छप्पर. १०० चौरस फुटांना १४० ते १५० मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे साधारण २,२५०. उतरवताना आणि धुताना पंधरा-वीस टक्के फुटतात, तेव्हा ४०० ते ४५० जास्तीची कौलं आधीच गोळा करून ठेवा. पण कोणतीही नाही. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरूला कारखाना काढल्यापासून या किनाऱ्यावर अनेक कारखान्यांची कौलं आली, आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. दोन कारखान्यांची कौलं शेजारीशेजारी बसवली की खाच नीट मिळत नाही आणि त्याच रेषेत गळती सुरू होते. कौलाच्या पाठीवरचा शिक्का पाहा आणि तोच शिक्का असलेली जुनी कौलं शोधा. आसपास पाडल्या जाणाऱ्या घरांतून ती मिळतात. न जमल्यास एक पाख पूर्ण जुन्या कौलांचं आणि दुसरं पूर्ण नव्या कौलांचं करा, सरमिसळ करू नका.

कौलं उतरवताना आढ्याच्या दोन्ही बाजूंनी सारखीच उतरवत जा. एक पाख पूर्ण मोकळं आणि दुसरं भरलेलं ठेवलं तर सांगाडा एका अंगाला कलतो, आणि तो परत सरळ करणं फार जिकिरीचं असतं. वाश्याचं टोक कुजलेलं असेल तर कुजका भाग आणि त्यापुढचं एक फूट धड लाकूड कापून टाका. त्याच जातीचा सुका तुकडा वाश्याच्या बाजूला लावून तीन फूट एकमेकांवर घ्या आणि १२ मिलिमीटरचे चार बोल्ट, वायसरसकट, वरखाली आलटून पालटून मारा. नुसते खिळे मारलेला जोड वाऱ्यात सुटतो. ओलं लाकूड घेऊ नका, ते सुकताना पिळवटतं आणि त्याच्यावरच्या कौलांच्या ओळी उघडतात. आंब्याचं लाकूड छपराला नकोच, कीड तिथं आधी लागते.

रिपा दोन इंच बाय एक इंच. त्यांच्यातलं अंतर साडेबारा-तेरा इंचांच्या आसपास येतं, पण ते आकड्यावरून ठरवू नका. जमिनीवर दहा कौलं एकाखाली एक अडकवा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मापं घ्या आणि सरासरी काढून रिपा मारा. हे न केल्यामुळे नवीन छप्पर पहिल्याच पावसात गळतं आणि दोष कौलांना दिला जातो. कोन्याची (आढ्यावरची) कौलं १:१:६ सिमेंट-चुना-वाळूत बसवा. निव्वळ सिमेंटचा माल उन्हात तडकतो. कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद सरळ रिपांवर अंथरण्याची पद्धत आली आहे, ती टाळा. आतल्या बाजूला दव साठून रिपा लवकर कुजतात. उजेडासाठी माजघरात आणि स्वयंपाकघरात काचेची दोन-दोन कौलं घाला, दिवसा दिवा लागत नाही.

वाऱ्याचाही विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. पाख वर उचललं जातं ते वळचणीपासून. म्हणून प्रत्येक वासा भिंतीवरच्या भालाला (वासे टेकतात त्या आडव्या लाकडाला) लोखंडी पट्टीनं बांधा, आणि वळचणीच्या पहिल्या दोन ओळींतली कौलं तांब्याच्या किंवा गंज न धरणाऱ्या तारेनं रिपेला बांधा. छप्पर उघडं असतानाच भिंतीच्या डोक्यावरून सलग चार इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा फिरवता येतो: १० मिलिमीटरच्या दोन सळया, ६ मिलिमीटरच्या कड्या, कोपऱ्यात सळया वळवून किमान दोन फूट पुढं नेलेल्या. मातीच्या जोडणीच्या भिंती एकत्र धरायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या या पट्ट्यात तो केलाच पाहिजे. स्लॅबचा भार आणि या पट्ट्याचा भार यांत गल्लत करू नका. पट्टा भिंतीला बांधतो, चिरडत नाही.

माकडांना पूर्ण उपाय नाही. घरावर येणाऱ्या फांद्या दहा-बारा फूट मागं छाटा, आणि वर्षाला शंभर कौलं राखीव ठेवा. पत्रा घातला की माकडांचा प्रश्न सुटतो, पण उन्हाळ्यात दुपारी खाली बसवत नाही आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. लहान मूल दुपारी झोपणार असेल तर कौलंच बरी.

छपरानंतर जमिनीवरचं पाणी. पागोळ्यांची रेषा जोत्यापासून अडीच-तीन फूट बाहेर यावी आणि त्या रेषेखाली चिऱ्याचं गटार असावं, दर सात-आठ फुटांना एक इंच उतार देऊन थेट व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) किंवा कलमांच्या आळ्यांपर्यंत नेलेलं. मागच्या भिंतीला चिकटलेली माती तीन फूट मागं ओढा, जोत्याच्या खाली एक फूट जाईपर्यंत चर काढा आणि दरडीच्या बाजूला सुक्या दगडांचा बांध घाला. दगड सुकेच रचायचे. सिमेंटनं जोडला तर मागचं पाणी अडून बांध पहिल्याच पावसाळ्यात पोट काढतो. अंगणात सिमेंटचा कोबा भिंतीपर्यंत नेऊ नका. बाहेरून कोबा आणि आतून फरशी झाली की जमिनीतल्या ओलीला भिंतीतून वर चढण्यावाचून वाट उरत नाही.

भिंतीची ओल भिंतीतूनच (खालून किंवा झडीनं) येते की नुसतं दव आहे, हे ओळखायला फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दोन दिवस ठेवा. मागच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतलं, पुढच्या बाजूला आले तर हवेतलं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्याला सोडू द्यावं लागतं. सिमेंटचा गिलावा ते थांबवतो, म्हणून तो दोन-तीन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो आणि सुटताना चिऱ्याची कातडी घेऊन जातो. सुटलेला सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. बाहेरून चिरे उघडेच ठेवून सांधे १:२:९ सिमेंट-चुना-वाळूनं भरणं सगळ्यात टिकाऊ आणि स्वस्त. आतून गिलावा हवाच असेल तर चुना किमान पंधरा दिवस भिजवून, चुना-वाळू १:३, एका थरात अर्ध्या इंचाहून जास्त नाही. वर चुन्याचाच रंग. ऑइलपेंट आणि रबरासारखे जलरोधक रंग बाहेरच्या भिंतीला वर्ज्य समजा. झड लागणाऱ्या बाजूला वळचण तीन फुटांपर्यंत वाढवा. तोवर पावसाळ्यात झापं (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) बांधा, त्यात कमीपणा काही नाही. खालच्या थरातले झिजलेले चिरे बदलताना एका वेळी दोन फुटांहून जास्त लांबी उघडू नका, आणि शेजारचा भाग आधीचा माल घट्ट झाल्यावरच घ्या.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढून मोठी जागा करायची इच्छा बहुतेकांची असते. मधल्या भिंतीवर आढ्याचे खांब बसलेले असतात, ती पूर्ण काढता येत नाही. पाच-सहा फुटांचं दार पाडता येतं: आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग आरसीसी लिंटल, दोन्हीकडे किमान नऊ इंच भिंतीत टेकवलेलं, आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून तीन फूट सोडून.

वाळवीसाठी औषध मारणारे लोक मिळतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर प्रमाण लिटरला २.१ मिलिलिटर, भिंत आणि जमीन मिळते तिथं दर एक फुटावर १२ मिलिमीटरचं भोक, प्रत्येक भोकात एक लिटर. पण तुमच्या मागच्या दारी विहीर आहे आणि जांभा चाळणीसारखा आहे. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला जमिनीत औषध सोडूच नका. तिथं फक्त लाकूड राखा: दहा लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ६०० ग्रॅम बोरॅक्स, ब्रशनं दोन-तीन हात, सुकेपर्यंत मुलीला लांब ठेवून. बोरॅक्स पाण्यानं धुऊन जातो, म्हणून हा उपाय छपराखालच्या कोरड्या लाकडालाच.

मुलीमुळे आणखी दोन गोष्टी. घरात रंगाचे जुने थर असलेल्या खिडक्या-दारं असतील, तर त्यात शिसं आहे असंच धरा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. सुकं पॉलिशपेपर घासू नका. पाणी मारून ओलं खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खरवड पिशवीत भरून ठेवा, आणि हे काम चालू असताना मूल घरात नको. दुसरं, पडवीवर किंवा गोठ्यावर सिमेंटचे जुने राखाडी पत्रे असतात, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते हातोड्यानं फोडू नका. ओले करून, बोल्ट सोडवून अखंड उतरवा. तुकडे भरावात टाकायची पद्धत आहे, ती होऊ देऊ नका.

विजेचं जुनं काम दुरुस्त करायचं नसतं, काढून टाकायचं असतं. लाकडी पट्टीवरच्या तारा आणि चिनी मातीचे फ्यूज यांत अर्थिंग बहुधा नसतंच. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तार, मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), आणि वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंग कोरडं पडतं, म्हणून त्याचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घ्या आणि माप मेमध्येच घ्या. पाच ओहमच्या आत आलं पाहिजे. महावितरणचं मीटर नावावर करतानाच मंजूर भार वाढवून घ्या.

संडासाची टाकी तिघांसाठी बांधू नका, गणपतीसाठी बांधा. दहा माणसांच्या टाकीचं माप आतून साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली साडेचार फूट आणि वर एक फूट मोकळं. शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्यातल्या भेगांतून पाणी कुठल्या कुठं जातं, त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. विहिरीवर आधी जाळी बसवा, मगच मुलीला घेऊन राहायला या. दहा फूट व्यासाच्या विहिरीत सहा-सात फूट पाणी असेल तर ते साधारण १४,००० लिटर; १,००० लिटरना अडीच ग्रॅम या हिशेबानं ३५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी रात्री विहिरीत सोडा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, आणि पिण्याचं पाणी तरीही उकळूनच.

ठेकेदाराला पूर्ण घराचं एकरकमी काम देऊ नका. सुताराचं काम, कौलांचं, गवंड्याचं आणि विजेचं असे वेगळे करार करा, प्रत्येकात माप लिहा. ठरलेल्या खर्चाच्या वर २५ टक्के रक्कम वेगळी ठेवा. छप्पर उघडल्यावर कुजके वासे फुल्यांपेक्षा जास्तच निघतात. छपराच्या करारातले दहा टक्के ऑगस्टपर्यंत रोखून ठेवायचे, हे आधीच कागदावर घ्या. जुलैमध्ये जोराच्या पावसात गळतीच्या जागी वाश्यांवर खडूनं खुणा करा, उघडीप मिळाली की त्याच माणसाकडून त्या कौलांची फेरबसवणी करून घ्या, आणि मग त्याचे पैसे चुकते करा.